मुदतवाढ

मॅन्सफिल्डमध्ये सकाळी साडेसातला
कॉफीचा पहिला घोट उतरायच्या आत
कस्टम्सच्या दलालाची ईमेल येते:
शुल्क चालू राहणार. आणखी पाच वर्षं.
टेपर्ड रोलर बेअरिंग आणि त्यांचे सुटे भाग,
जोडलेले, न जोडलेले, सगळे.

कायद्यात दर पाच वर्षांनी एक सूर्यास्त असतो.
तेव्हा विचारतात, कुंपण काढलं
तर स्वस्त माल पुन्हा लोटेल का?
या खेपेला पलीकडून कुणी उत्तरच पाठवलं नाही.
पुकारा झाला, पक्षकार गैरहजर,
निकाल लागला: लोटण्याचा संभव आहे.
मावळायला आलेला सूर्य
तसाच खुंटीला टांगून ठेवला.

मी खरेदी विभागात. माझ्या वहीत
या संभवाला आकडा आहे.
शंभर डॉलरचं बेअरिंग दारात येईपर्यंत
एकशे नव्वदला पडतं.
आमचे कन्व्हेयर धान्याच्या कोठारांना जातात,
कोठारवाले पै पै मोजतात,
आणि शुक्रवारी ड्वेन फाउस्ट माझ्या टेबलाशी येऊन
टोपी हातात फिरवत विचारतो,
दुसरी पाळी राहील ना?

शेजारी डार्लीन स्टॉफर.
एकतीस वर्षं ग्राइंडिंग लाइनवर.
तिच्या कारखान्याने मागितलेलीच ही जकात.
लागली तेव्हा कँटीनमध्ये केक कापला होता,
निळ्या क्रीमचा, तिला चव आठवते.
त्यानंतर कारखाना नऊ वर्षं चालला.
"नऊ वर्षं म्हणजे दोन्ही मुलींचं कॉलेज," ती म्हणते,
पुढे बोलत नाही.
आता तिथे गोदाम आहे.
त्यात काय येतं आणि कुठून,
ते ती विचारत नाही, मी सांगत नाही.

मिरजेत बाबांचं सायकलचं दुकान होतं.
छर्रे रॉकेलच्या वाटीत बुडवून
ते करंगळीने मोजायचे.
एक जरी कमी पडला की म्हणायचे,
चाक फिरेल गं, पण कुरकुरेल;
गिऱ्हाइकाला कळणार नाही, रस्त्याला कळेल.
छर्रे कुठल्या मुलखातले
हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.
पुडीवर एक वाघ असे,
शेपटीची शाई नेहमी पसरलेली.

परवा डार्लीनने लॉन ट्रॅक्टरमागची ट्रॉली आणली.
डावं चाक अडतंय, म्हणाली.
मी नमुन्यांच्या खोक्यातून मापाचं बेअरिंग काढलं.
जुनं निघता निघेना.
आम्ही दोघी गॅरेजच्या सिमेंटवर उकिडव्या,
ती ठोकत होती, मी टॉर्च धरून,
दोघींच्या कोपरापर्यंत ग्रीस.
ते तिच्याच कारखान्याचं निघालं असतं
तर ही कविता सोपी झाली असती.
पण अक्षरं गंजून गेली होती.
ते कुणाचंच नव्हतं.

नवं तिने हातात घेतलं.
चष्मा खिशात होता, तिने लावला नाही.
कोरलेलं देशाचं नाव अंगठ्याखाली गेलं.
कानाशी नेऊन गर्रकन फिरवलं,
बाजारात नारळ हलवून बघावा तसं,
आणि बराच वेळ ऐकत राहिली.
"कुणीतरी नीट घासलंय," म्हणाली.
मग चिंधीने बोटं पुसली,
एकेक करून, पाळी संपल्यासारखी.

ट्रॉली आता टोमॅटोच्या वाफ्यापाशी असते.
चालते. आवाज येत नाही.
सोमवारी मला पुढच्या पाच वर्षांचे दर भरायचेत,
ड्वेनला मी अजून
उत्तर दिलेलं नाही.