ऑक्टेन

फूलबागेजवळच्या पंपावर दोन नळ्या.
एकीपुढे रांग,
दुसरीपुढे मी एकटा,
लिटरमागे आठ रुपये जास्त मोजून
'साहेब' म्हणवून घेणारा.

गाडी शंभर सीसीची, पंधरा वर्षांची,
सीटला माधवगंजातल्या शिंप्याचे टाके.
वहीत हिशेब ठेवलाय सहा महिन्यांचा:
साध्यावर बासष्ट. महागावर साडेबासष्ट.
तो अर्धा बहुधा
रविवारच्या मोकळ्या रस्त्याचा.

शकील मिस्त्री प्लग पुसत हसतो,
"भाईसाब, बकरी को बादाम!
इससे अच्छा चेन में तेल डालो."

मृणाल वहिनी कंपूच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते.
कणीक मळता मळता म्हणाली,
"ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, भावजी.
दाब किती सोसायचा
ठिणगीच्या आधी न पेटता,
तेवढंच.
तुमच्या इंजिनात मुळी तेवढा दाबच नाही."

आतून दादाने पाणी मागितलं.
दुसऱ्यांदा. जरा चढ्या आवाजात.
वहिनीची मूठ कणकेत रुतली,
मग हात धुऊन, पदराला पुसून
ती तांब्या घेऊन गेली.
मी वहीतले आकडे पुन्हा मोजत बसलो.

सोमवारी मुकाट रांगेत लागलो.
सव्वानऊचं ऊन, पुढे नऊ गाड्या,
कुणाचा तरी डबा हँडलला आपटतोय.

आणि शेजारी, महागाच्या नळीपुढे,
तिची ती जुनी निळी स्कूटर.
"टाकी फुल," म्हणाली.
पैसे मोजून दिले.

मी हाक मारली नाही.