ताव

वजिराबादच्या लिंबाखाली अण्णांचा गाडा.
बाभळीचा कोळसा, पितळी इस्त्री.
विष्णुपुरीला माझी प्रयोगशाळा.
मधे एक बस, आणि दोन्हीकडं
कामाला तेच एक मूलद्रव्य.

हे त्यांना सांगितलं तर म्हणाले,
"मग एवढं लांब कामून जातीस?"

मी ज्वारीची धाटं कुटते, पाण्यात कालवते,
पोलादी डब्यात आवळून
एकशे ऐंशी अंशांवर रात्रभर ठेवते.
सकाळी करपट वास,
खाली काळा गाळ, वर चहाच्या रंगाचं पाणी.
गाळ टाकून द्यायचा.
पाण्यात काहीच दिसत नाही, म्हणून तेच ठेवायचं.

मुजम्मिल खोलीतले दिवे घालवतो,
जांभळा दिवा धरतो,
आणि चहा निळा होतो,
फुलावर आलेल्या जवसाच्या रानागत.

कण एवढे बारीक
की अण्णांच्या नखातल्या एका काळ्या रेघेत
किती मावतील, हा हिशोब एकदा वहीत मांडला;
शून्यं लिहिता लिहिता झोप लागली.

हे कण पेशीत शिरतात.
काचेखाली पेशी आतून उजळते,
घरात कुणीतरी उठून दिवा लावल्यासारखी.
उद्या ते औषध पाठुंगळीला घेऊन
नेमक्या गाठीपर्यंत जातील, गुनाले सर म्हणतात,
आणि लगेच म्हणतात, कदाचित.

आमच्याच आवाराशेजारच्या दवाखान्यात
अण्णांच्या छातीचा फोटो काढला.
"धुरात किती वर्षं?"
"धूर कुठला, साहेब. धग. छत्तीस वर्षं."
फोटोत कोळसा दिसत नाही.
पांढुरके डाग दिसतात फक्त.
मी तो फोटो खिडकीशी धरून उभी राहिले
आणि माझ्याकडं सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात आकडे आले.
थोड्या मात्रेत पेशी जगल्या,
पाचपट केल्यावर निम्म्या मेल्या.
शरीरात गेलेले कण बाहेर पडतात का,
यकृतात किती दिवस बसून राहतात,
या रकान्यात मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
शाईनं काढायचं धाडस झालं नाही.

रात्री अण्णांना म्हणलं, मेल्या माझ्या पेशी.
त्यांनी बोटाला पाणी लावलं, इस्त्रीच्या तळाला टेकवलं,
चर्रर्र आवाज ऐकला, थांबले.
"टेरीकॉटला सुताचा ताव दिला की जळणारच.
कोळशाचा काय दोष त्यात?
कापड वळखावं आधी."
आणि खोकले, बराच वेळ.

सोमवारी एप्रन घातला, त्यांच्या हातचा,
कॉलर पत्र्यासारखी कडक.
खिशाच्या कडेला कोळशाची कणी चिकटलेली.
मुजम्मिल यायच्या आत
मी जांभळा दिवा तिच्यावर धरून पाहिला.

नाही चमकली.
झटकायला बोट उचललं होतं,
तसंच खाली घेतलं.