बिनतिकिटाच्या बिया

पूस महिन्यात विहिरीचं पाणी कोमट असतं
हे ह्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी समजलं.
पहिली बादली ओतली तर वाफ निघाली,
दचकून म्हणाले, "पाणी तापवलं काहून व?"
मी हसले नाही. बत्तीस वर्षं
पहिल्या गाडीला अंधारात गेलेला माणूस,
त्याला आपल्या घरची विहीर कुठून माहीत?

सांदवाडीत आता माझ्यामागे आणखी दोन पावलं वाजतात.
चुलबंदीवरचं धुकं बोराटीच्या कुपाटीत अडकलेलं,
सांबाराच्या पानांवर दहिवर,
वालाच्या शेंगा हाताला गारढोण,
भेदरं शेवटची, कातडी फुटलेली.
"यातलं काय काढायचं, काय ठेवायचं?"
मी म्हणते, जे थकलं ते काढा.
ते थोडा वेळ माझ्याकडे पाहतात.

पहिल्याच दिवशी
वांग्याचं वाळलं झाड उपटता उपटता
कुदळ हळदीच्या वाफ्यात.
पिवळेधमक तुकडे मातीभर.
"कुठं लिहिलं होतं इथं हळद हाये म्हणून?"
पाटी नव्हती, खरंच.
पाट्या गाडीला असतात.
मी बोलले नाही त्या दिवशी,
तीच हळद ओली ठेचून भाजीत घातली.
दोन दिवस दोघांचीही बोटं पिवळी.

आता वाफे आखतात. दोरी धरून, हात मोजून,
मधे चालायला जागा, "माणूस उतरला पाहिजे ना."
उकिरड्याच्या तळचं खत, काळं, चहापत्तीसारखं मोकळं,
चुलीची राख चाळणीतून,
वर तणीस अंथरलं की मातीला रात्री हुडहुडी भरत नाही.
मांडवाला बांबू चिरून दिले शेवंताबाईनं,
बदल्यात कोहळं नेलं,
जाता जाता म्हणाली, "आमच्या फाट्यावर
कधी थांबवली नाही जी तुम्ही गाडी."
हे कुदळीच्या दांड्याकडे बघत राहिले.

माझं बी राखेत असतं,
काकडीचं गोवरीत थापून भिंतीला,
दोडक्याचं दोडक्यातच.
ह्यांनी माळ्यावरून तिकिटांचा जुना ट्रे काढला,
पत्र्याचा, खणाखणांचा.
मशीन आलं तेव्हा डेपोत कोणालाच नको होता.
पाच रुपयांच्या खणात ढेमसं,
सातच्या खणात कारलं,
बाराच्या खणात चवळी,
हाफ तिकिटात राजगिरा, बारीक म्हणून.
एका खणात कागदाची पुडी होती,
आधीपासूनच.

लाखांदूरच्या गाडीत एक म्हातारी, खूप वर्षं झाली,
दीड रुपया कमी पडत होता तिला.
पदराची गाठ सोडली,
नाण्यांच्या जागी नऊ बिया.
"कशाच्या?"
"विचारलंच नाही. गाडी भरली होती."
दीड रुपया आपला टाकला, हिशेब जुळवला,
बिया ट्रेमध्ये राहिल्या.
तिथून इथवर आल्या, बिनतिकिटाच्या.

चपट्या, कडेला काळ्या,
दुधीच्या नव्हेत, डांगराच्या नव्हेत.
कोणतंही बी मला ओळखू येतं असं गाव म्हणतं,
हे येईना.
इतकं जुनं बी उगवत नसतं, मी सांगितलं.
तरी ओल्या फडक्यात बांधल्या,
फडकं तणसात, तणीस गाडग्यात,
गाडगं चुलीच्या मागे, जिथं रात्रभर ऊब राहते.

पाच दिवस उघडायचं नाही.
काल रात्री जाग आली तर अंथरूण रिकामं.
चुलीपाशी अंधारात बसलेले,
अंगावर खाकी कोट,
कान गाडग्याला.
"झोपा," म्हटलं, "बी बोलत नसतं."
"तसं नाही व. थंडी तं नाही ना वाजत, पाह्यलं."

उद्या चौथा दिवस.
कोपऱ्यातला एक वाफा मी मोकळा ठेवला आहे.
त्यांना सांगितलं,
तिथं मेथी टाकायची आहे.