स्टॉपर

लुमाण्णा घाडी तीन वर्षं खेळला,
तीन वर्षं मी बाकावर बसलो.
त्याचा घोटा मुरगळावा म्हणून
मारुतीला नारळ बोललोय मी,
आता सांगायला हरकत नाही.

जांबोटीकडून यायचा, वस्तीच्या गाडीनं,
बूट पिशवीत, बुटांना तांबडी माती.
कानडी एक अक्षर येत नव्हतं.
आणि मागं गोलात शिवलिंग कडेमनी, बैलहोंगलचा,
त्याला मराठी यायचं,
पण घाईत नाही.

पहिल्याच मॅचला शिवलिंग ओरडला, "बिडू! बिडू!"
सोड म्हणाला तो.
यानं ऐकलं, भिड.
उडी मारून असं डोकं घातलं
की बॉल आमच्याच जाळ्यात.
लेले मैदान हसून हसून आडवं.

मग दोघं तिसऱ्या गेटाजवळ चहा घेत बसले,
गाड्या दोन गेल्या तोवर.
बंतु म्हणजे आला.
नंदू म्हणजे माझा
(आमच्या राइट-आउटचं नावच नंदू,
तो दर वेळी वळून बघायचा).
बिडू म्हणजे सोड.
पण सोडणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.

कुणाला पाडायचा नाही, शर्ट ओढायचा नाही.
पुढच्यानं डावीकडं बघावं
तर हा तिथं आधीच उभा,
पाय जरा फाकून, हात मागं,
बसची वाट बघालाय असा.

गोव्याच्या क्लबानं बोलावलं.
चोर्ला घाट उतरला,
सातव्या दिवशी चढून आला.
कोण म्हणालं उंची, कोण म्हणालं गुडघा.
तो म्हणाला, मासे लई खायला लागतात तिथं.

पुढं उद्यमबाग, फाउंड्री, इन्स्पेक्शन.
पंपाचं कास्टिंग टांगायचं,
हातोडीनं हलकं टक् करायचं, कान लावायचा.
ठण् वाजलं, पुढं.
थप् वाजलं, खडूची फुली.
डोळ्याला न दिसणारी चीर
तो कानानं धरायचा.
मी तिथंच, डिस्पॅचला.
पुन्हा त्याच्याच मागं.

मार्चची एकतीस तारीख.
ट्रक लागलेला, मालक दोनदा खाली येऊन गेलेला.
अठरा नगांवर फुली.
लुमाण्णा लोडिंगच्या दारात,
पाय फाकून, हात मागं.
कुणाशी वाद नाही, आवाज नाही.
एवढंच म्हणाला, "थप् वाजतंय की, साहेब."

सहा वाजता त्याला रात्रपाळीला घातलं, कायमचं.
आता रिटायर आहे, गुडघ्याला पट्टा बांधतो,
रविवारी शाळेच्या पोरांना उभं राहायला शिकवतो.
पळायला नाही. उभं राहायला.
मी कठड्यावर बसून बघतो.

त्याला मी एक सांगितलेलं नाही.
त्या सहा वाजता
त्याची हातोडी माझ्या हातात दिली.
आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या जागी मी.
अठरा नग समोर, ट्रक चालू.
सुपरवायझर कानाशी येऊन हळूच म्हणाला,
"बिडू."

मला कानडी लहानपणापासून येतं.
मी सोडले.