स्टॉपर

बावीस वर्षं रेजिनाल्ड गोलकडे पाठ करून उभा राहिला.
मोतीबागच्या मैदानावर त्याच्या नावावर एकच गोल,
तोही आपल्याच जाळ्यात,
कामठीविरुद्ध.

आता कोच आहे.
मे महिन्यात, ऊन चढायच्या आत,
पोट्ट्यांना सांगतो,
बॉलकडे नको पाहू बे, त्याच्या कमरेकडे पाह्य.
पाय खोटं बोलतेत.

मॅच सुरू झाली की रेषेबाहेर
त्याचा डावा, शिवलेला गुडघा
आपोआप पुढे सरकतो.
कॉर्नर येतो.
तो मान झटकून रिकाम्या हवेला
हेडर मारतो, अगदी वेळेवर.

बॉल आमच्या बॅकच्या डोक्यावरून जातो.

रेजिनाल्ड काही बोलत नाही.
पाण्याच्या बाटलीचं झाकण लावतो,
उघडतो,
पुन्हा लावतो.