निळं पिंप

माझं आडनाव घाणेकर.
कंपनीत हसायला तेवढं पुरतं.
काम असं, की रिकामी पिंपं तीनदा विसळायची,
विसळलेलं पाणी गटारात नाही, टाकीकडच्या पाइपात,
लेबल खरवडायचं, पिवळ्या रंगानं नंबर घालायचा,
मग पहार घेऊन बुडाला तीन भोकं.
चांगलं दोनशे लिटरचं निळं पिंप,
पहिल्या घावाला ढब्ब करतं,
दुसऱ्याला गप्प.
भोक पडलं की ते कुणाच्या पडवीत जाऊन बसत नाही.

गावात मला कंजूष म्हणतात.
लग्न निघालं की कुणीतरी येतं:
चार ड्रम बघ की, मांडवात पाणी भरायला.
काशिराम गोठ्यासाठी मागून गेला,
बोटीवाला मजीद डिझेलसाठी.
सगळ्यांना मी भोकं सांगतो.
"भोकं पाडायचा पगार घेतोस?"
घेतो.

अनुसयाआत्या तीन मे महिने मागत होती.
तिला आगळ भरायचं होतं, बरण्या पुरत नव्हत्या.
"चिंच लावीन, राख लावीन,
चार दिवस उन्हात पालथं घालीन."
मी म्हटलं, आत्या, आतलं जे असतं
ते चिंचेचं ऐकत नाही.
"कंपनीत गेलास नि शाना झालास,"
म्हणाली, आणि चहा न टाकता उठली.

यंदा तिनं स्वतःच बोलावलं.
खाडीवरून खारं वारं, अंगणात रातांब्यांची सालं वाळत,
तिची बोटं मनगटापर्यंत लाल.
पेला पुढं केला. "पयला तुझा. अजून मुरतंय."
ओठाशी नेला
आणि नजर पडवीत गेली.

निळं.
लेबल खरवडलेलं, पण नंबर तसाच.
४०९.
माझा नऊ नेहमी पाठीवर पडलेला असतो.

वहीत ४०९ पुढं बरोबरची खूण आहे.
मीच केलेली.
त्या संध्याकाळी शेवटची एसटी होती,
म्हटलं, खूण आत्ता, भोकं सकाळी.
सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो
माझ्या आधी पोचला.

पेला खाली ठेवला.
"कुणी प्यालं यातलं?"
"तुझ्यासाठी थांबले ना."
त्यात काय होतं ते मी सांगितलं, नावासकट.
नाव तिला कळलं नाही. माझा चेहरा कळला.

परड्यात ओतता येईना, खाली बाव.
व्हाळात ओतता येईना, व्हाळ खाडीला मिळतो.
झाकण घट्ट केलं, वर प्लॅस्टिक बांधलं,
पडवीत सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकला,
तो भुसाही पिशवीत भरला.
आत्या दारात उभी.
"चाळीस किलो रातांबे," म्हणाली.
थोड्या वेळानं, "आणि मीठ."

गेटवर वॉचमन हसला,
लोक बाहेर नेतात, तुम्ही आत आणताय?
खतीबसाहेबांनी फॉर्म पुढं सरकवला.
कचऱ्याचं वर्णन: आगळ, दूषित.
रंग: लाल.
वजन काट्यावर केलं.
उगम या रकान्यात मी 'भंगार' लिहिलं,
खोडलं,
'गोदाम' लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी घाणेकर लिहिलं.
साहेब वाचून हसले नाहीत.
"वही आण," म्हणाले.
चारशे नऊच्या खुणेवर त्यांनी लाल गोल केला,
आणि मागची सगळी पानं उलटत बसले,
एकेक खूण,
रात्री नऊपर्यंत.

आगळ त्यांच्या टाकीत गेल्यावर
पिंप विसळलं. तीनदा.
मग पहार घेतली.
हाताला मीठ लागत होतं.

पुढच्या रविवारी दोन चिनी मातीच्या बरण्या घेऊन गेलो.
आत्यानं बरण्या घेतल्या,
आत नेल्या,
बाहेर आली नाही.