तीन मीटर इकडे-तिकडे

धुळ्यात यंत्राला चार उपग्रह सापडले,
लळिंगच्या चढावर अकरा.
अंश-मिनिटं शिकतोय मी चाळिशीनंतर,
चष्मा कपाळावर,
बाण डुलतोय नुकत्या उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

बारा मीटर. सात. तीन.
मग पुन्हा नऊ.
निवडुंगाभोवती माझे फेरे चाललेत
दुसऱ्याच कुणाचा नवस फेडल्यासारखे.

बकऱ्यांमागून सुपडू आला.
"काय धुंडी ऱ्हायना, भाऊ?"
डबा, म्हटलं. यंत्र दाखवलं,
वरून सिग्नल येतो, वगैरे.
त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं,
मग काठीनं एक चपटा दगड उलटला.

साबणाच्या डबीत वही,
पेन्सिलीचा तुकडा, काचेची गोटी, कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण.
एक घ्यायचं, एक ठेवायचं, नाव लिहायचं.
मी बटण घेतलं, शिट्टी ठेवली.
वही उघडली:
नाशिक, पाचोरा, एक भुसावळचं जोडपं, तारखा,
आणि प्रत्येक नावाखाली
एकेक बकरी काढलेली.

माझं नाव होईतो तो थांबला.
मग हात पुढे केला, पेन्सिलीसाठी.

शिंगं काढताना त्याची मान जराही हलली नाही.
यंत्र अजून म्हणत होतं:
चार मीटर, ईशान्येला.